आवाज इंजिनाचा, धूर विमानाचा

आजचा भाग गाड्यांच्या शर्यतींवर आहे. ज्यांना फॉर्म्युला वनमधलं काहीच कळत नाही त्यांनीही ऐका, कारण आजची गोष्ट गाडीपेक्षा तिच्या आजूबाजूची जास्त आहे.

सुरुवात ताज्या वादापासून करू. २०२५ च्या सुरुवातीला एफआयएचे, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी एक पिल्लू सोडलं. पर्यावरणपूरक इंधन वापरून जुनी व्ही-टेन इंजिनं परत आणता येतील का, यावर विचार व्हावा, असं ते म्हणाले. झालं! व्ही-टेन म्हणजे दहा सिलिंडरचं, कान फाडणारं इंजिन. आमच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, 'आवाजाशिवाय रेस म्हणजे मिठाशिवाय भाजी.' दुसरी बाजू म्हणते, 'जग तापतंय आणि तुम्हाला आवाजाचं पडलंय?' मी स्वतः आवाजवाल्यांपैकी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण हा वाद वाचता वाचता लक्षात आलं की दोन्ही बाजूंचे लोक एकाच गोष्टीकडे बोट दाखवतायत. इंजिनाकडे. आणि या खेळाचा इतिहास काढला तर इंजिनाकडे बोट दाखवायची खरी वेळ कधीच येऊन गेली होती. तेव्हा कोणी दाखवलं नाही.

तर चला, शंभर वर्षं मागे जाऊ.

१९२१ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली या इंजिनिअरला एक शोध लागला. त्या काळात इंजिनांना 'नॉकिंग'चा त्रास होता. म्हणजे पेट्रोल सिलिंडरमध्ये वेळेआधीच पेटायचं, इंजिन आतून ठकठक करायचं आणि ताकद वाया जायची. पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, किंचित मिसळलं की हा त्रास थांबतो, असं मिजलीला दिसलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. म्हणून बाजारात या पेट्रोलला नाव दिलं गेलं 'एथिल'. नावात शिशाचा उल्लेखच नाही!

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंडियानापोलिसची ५०० मैलांची प्रसिद्ध शर्यत झाली. तिच्यात पहिले तीन आलेले तिन्ही ड्रायव्हर एथिल वापरत होते. यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? विजेत्याच्या टाकीत जे आहे तेच आपल्या टाकीत असावं असं कोणाला वाटणार नाही? थोडक्यात, शिशाच्या पेट्रोलला सुरुवातीलाच जो भाव मिळाला, त्यात रेसिंगचा हात होता.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, न्यू जर्सीमधल्या स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत हे रसायन बनवणारे पाच कामगार मेले. मरण्याआधी त्यांना भास होत होते, ते हिंसक झाले होते. वर्तमानपत्रांनी या पेट्रोलला 'वेड लावणारा गॅस' असं नाव दिलं. त्यावर मिजलीने पत्रकारांसमोर त्याच रसायनात हात धुऊन दाखवले. आणि धंदा पुढे पन्नास वर्षं जोरात चालला.

आता इथे थोडं थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीत हाच भाग सर्वात महत्त्वाचा आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. हे स्पष्ट होत गेलं तसं अमेरिकेने १९७० च्या दशकापासून पेट्रोलमधलं शिसं कमी करायला घेतलं. १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पूर्ण बंद झालं. भारतात ते २००० साली गेलं. पंपावर 'अनलेडेड' असं ठळक लिहिलेलं असायचं, ते तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. पण अमेरिकेच्या कायद्यात एक फट ठेवली होती. रस्त्यावरच्या गाड्यांना बंदी, शर्यतीच्या गाड्यांना सूट!

त्यामुळे नॅस्कार ही तिथली सर्वात लोकप्रिय शर्यत पुढे दहा वर्षांहून जास्त काळ शिशाच्या पेट्रोलवरच धावत राहिली. दर आठवड्याला नवं शहर, तीस-चाळीस गाड्या, शेकडो मैल, आणि बाजूला हजारो लोक नाचोज खात बसलेले. गाड्यांवर काम करणाऱ्या मेकॅनिक मंडळींच्या रक्तात जास्त शिसं सापडल्याचा अभ्यास २००६ मध्ये आला. नॅस्कारने २००७ च्या हंगामात अखेर अनलेडेड पेट्रोल आणलं.

पुढे अर्थतज्ज्ञांनी या बदलाचा छान उपयोग करून घेतला. एका तारखेआधी शिसं होतं, नंतर नाही. म्हणजे आपसूक झालेला प्रयोगच. रेसट्रॅकच्या जवळच्या आणि लांबच्या वस्त्यांची त्यांनी तुलना केली. शिसं होतं तेव्हा ट्रॅकजवळच्या भागांत मुलांच्या रक्तातलं शिसं आणि वृद्धांचं मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि शिसं गेल्यावर ते खाली आलं. फ्लोरिडातल्या शाळकरी मुलांच्या परीक्षेतल्या गुणांवरही शिशाचा परिणाम दिसला.

ही मुलं रेस बघायला गेली असतील-नसतील. त्यांची घरं फक्त तिथे होती.

आणि तेव्हा चाहते काय बोलत होते? शिसं दिसत नाही, त्याचा वास येत नाही, त्याने गाडी हळू होत नाही. त्यामुळे स्टँडमध्ये तो विषयच नव्हता.

याउलट जे डोळ्यांना दिसतं त्यावर मात्र खेळाने झटपट हालचाल केल्याचं दिसतं. १९७३ च्या अखेरीस तेलाचं संकट आलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. अशा वेळी गोल गोल फिरून पेट्रोल जाळणं बरं दिसेना. १९७४ ची मोंटे कार्लो रॅली झालीच नाही. डेटोनाची २४ तासांची शर्यतही रद्द झाली. आणि डेटोना ५०० मध्ये तर अफलातून तोडगा काढला! मोजणी थेट २१ व्या लॅपपासून सुरू केली, म्हणजे ५०० मैलांची शर्यत ४५० मैलांची झाली. रिचर्ड पेटी जिंकला. आता ती वीस लॅप वाचवून किती पेट्रोल वाचलं असेल? स्टँडमधले लोक शेकडो मैल गाडी हाकत आले होते त्याचं काय? पण ते कॅमेऱ्यात येत नव्हतं.

२००७ मध्ये होंडाने तर कमालच केली. फॉर्म्युला वनच्या गाडीवरून सगळ्या प्रायोजकांची नावं काढून अख्खी पृथ्वी रंगवली. निळे समुद्र, हिरवे-तपकिरी खंड, आणि ते सगळं ताशी ३०० किलोमीटरने पळतंय. खरं तर पळत नव्हतं फारसं, त्या पूर्ण हंगामात होंडाला ६ गुण मिळाले. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने संघच बंद करायचं ठरवलं.

मग आलं २०१४. आठ सिलिंडरची इंजिनं गेली आणि १.६ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं, सोबत बॅटरी आणि विजेच्या मोटर. आवाज एकदम बसला. मेलबर्नच्या आयोजकांनी तक्रार केली. तेव्हाचा विश्वविजेता सेबास्टियन व्हेटेल याने तर या आवाजाला मलेशियात सरळ शिवी हासडली. पण तांत्रिकदृष्ट्या ते इंजिन म्हणजे चमत्कार होता. नेहमीच्या पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा भाग कामी येतो, बाकी उष्णता होऊन उडून जातो. मर्सिडीजने २०१७ मध्ये चाचणीच्या बाकावर निम्म्याहून जास्त ऊर्जा कामाला लावून दाखवली.

आता आकडे ऐका. २०१९ मध्ये फॉर्म्युला वनने आपला कार्बनचा हिशोब पहिल्यांदा जाहीर केला. २०१८ च्या हंगामाचा: २,५६,५५१ टन. त्यात शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनांतून निघालेला वाटा किती असेल? अंदाज करा.

०.७ टक्के.

हो, एक टक्कासुद्धा नाही. ४५ टक्के गेले मालवाहतुकीत, म्हणजे गाड्या, टायर, गॅरेजचं सामान, प्रक्षेपणाची यंत्रं जगभर नेण्यात. २७.७ टक्के माणसांच्या विमानप्रवासात आणि हॉटेलांत. १९.३ टक्के कारखाने आणि कार्यालयांत. उरलेले शर्यतीच्या दिवसांच्या व्यवस्थेत. आणि या हिशोबात प्रेक्षकांचा प्रवास धरलेलाच नाही.

म्हणजे दहा सिलिंडर की सहा, यावर आपण रात्री दोन वाजेपर्यंत भांडतो ते या ०.७ टक्क्यासाठी. शिशाच्या काळात दोष खरंच टाकीत होता तेव्हा सगळे गप्प होते. आता तो टाकीतून निघून विमानाच्या पोटात गेलाय, तर सगळे टाकीत वाकून बघतायत.

'मग सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक करा' असं कोणी म्हणेल. फॉर्म्युला ई २०१४ पासून आहेच, आणि त्यात आपल्या मुंबईच्या महिंद्रांचा संघ पहिल्या दिवसापासून आहे. २०२३ मध्ये ती शर्यत हैदराबादलाही झाली. पण त्यांच्याही कार्बनच्या हिशोबात सर्वात मोठा वाटा मालवाहतुकीचाच. गाडी विजेवर चालते, विमान नाही.

व्हेटेलचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. आवाजाला शिव्या घालणारा हाच माणूस नंतर हवामानावर सर्वात जास्त बोलणारा ड्रायव्हर झाला. २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनची शर्यत संपल्यावर त्याने स्टँडमधला कचरा उचलला. २०२२ मध्ये मायामीत तो एक टी-शर्ट घालून आला, ज्यावर २०६० साली इथली शर्यत पाण्याखाली होईल अशा अर्थाचा मजकूर होता. त्याच महिन्यात बीबीसीच्या एका कार्यक्रमात त्याला विचारलं, 'इंधन पिणाऱ्या खेळात राहून हे बोलणं म्हणजे ढोंग नाही का?' प्रेक्षक हसले आणि त्याने ते हसणं मान्यही केलं. दोनच महिन्यांनी सिल्व्हरस्टोनला त्याने स्वतःच्या मालकीची, नायजेल मॅन्सेलने १९९२ मध्ये विश्वविजेतेपद मिळवलेली विल्यम्स गाडी पर्यावरणपूरक इंधनावर चालवली. आणि ती गाडी व्ही-टेन होती! म्हणजे आजच्या वादाचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं: हो, आवाज आणि स्वच्छ इंधन एकत्र येऊ शकतात. मी तो व्हिडिओ हेडफोन लावून किती वेळा ऐकलाय ते विचारू नका.

२०२६ च्या नियमांत असं इंधन सगळ्यांना सक्तीचं आहे. ते खाण्यापिण्याच्या पिकांपासून नाही, तर कचरा, टाकाऊ जैविक पदार्थ किंवा हवेतून पकडलेला कार्बन यांपासून बनवायचं. म्हणजे ते ०.७ टक्केही बरेचसे सुटतील. खरा उपयोग रस्त्यावरच्या गाड्यांना होईल असं खेळाचे लोक सांगतात. ते इंधन आपल्या पंपावर परवडेल अशा दरात आलं तर मी टाळ्या वाजवीन. १९२३ मध्ये टाकीतली गोष्ट रेसमधून रस्त्यावर आलीच होती की.

आता खऱ्या वजनदार भागाकडे. २०३० पर्यंत नेट झिरो व्हायचं असं फॉर्म्युला वनने ठरवलंय, आणि २०१८ च्या तुलनेत २०२४ पर्यंत २६ टक्के घट झाल्याचं ते सांगतात. ही थाप नाही. युरोपातल्या शर्यतींसाठी जैवइंधनावरचे ट्रक आले, बरंच सामान विमानाऐवजी जहाजाने जातं, प्रक्षेपणाचा मोठा भाग इंग्लंडमध्ये बसूनच होतो. पण १९५० मध्ये शर्यती होत्या ७, ऐंशी-नव्वदच्या दशकांत साधारण १६, आणि २०२६ चं वेळापत्रक जाहीर झालं ते २४ शर्यतींचं.

वेळापत्रक हेच खरं इंजिन आहे, असं मी आता मानतो. आणि तिथे थोडी सुधारणाही झाली आहे. पूर्वी मे महिन्यात मायामी, मग सगळा लवाजमा युरोपात, मग जूनमध्ये परत अटलांटिक ओलांडून कॅनडा, मग पुन्हा युरोप! २०२६ साठी कॅनडाची शर्यत मेमध्ये आणून मायामीला जोडली. म्हणजे अख्ख्या सर्कशीची एक फेरी वाचली. यावर कोणी मीम केलं नाही, ग्रुपवर एकही भांडण झालं नाही.

पण त्याच वेळापत्रकाचं शेवटचं पान उघडा. नोव्हेंबरमध्ये लास वेगास. तिथे शनिवारी रात्री, आपल्याकडे रविवारी सकाळी पोहे खात बघायची ती शर्यत. ती संपली की रातोरात गॅरेज मोडायचं, पेट्या भरायच्या, विमानांत चढवायच्या, सुमारे तेरा हजार किलोमीटर उडून कतारला उतरवायच्या, आणि पुढच्या शुक्रवारी सरावासाठी गाड्या तयार ठेवायच्या. पुढच्या आठवड्यात अबू धाबी.

यंदा वेगासच्या रेसनंतर ग्रुपवर गप्पा रंगल्या की मी मालवाहू विमानं दाखवणाऱ्या ॲपची लिंक टाकणार आहे. कोण किती धूर सोडतंय ते तिथे लाइव्ह बघता येतं. भेटू पुढच्या भागात!