आलचा रंग आणि ब्युरेटचा थेंब

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. आम्ही शिक्षकही वर्गात बहुधा तेच शिकवितो. परंतु रंगाऱ्याच्या कढईलाही इतिहास असतो आणि प्रयोगशाळेतील ब्युरेटलाही असतो. या दोहोंना जोडणारा एक धागा आपल्या खानदेशातून गेलेला आहे. तो उलगडून दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

यावल तालुक्यातील फैजपूर १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे देशभर गाजले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पण त्याआधीच इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये या गावाची नोंद छापील सुती कापड आणि गडद निळ्या व तांबड्या रंगांसाठी झालेली आहे. त्या काळी देशाच्या अनेक भागांत तांबड्या रंगासाठी रंगारी आणि रंगरेज आलच्या, म्हणजे बारतोंडीच्या मुळ्या वापरीत. नुसत्या मुळीचा रंग कापडावर टिकत नसे. म्हणून कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढीत. तुरटीबरोबर तांबडा रंग पक्का होई. गुळाच्या पाण्यात गंजके लोखंड आंबवून ते पाणी वापरले, तर तीच मुळी काळपट जांभळी छटा देई.

यात घडत होते काय? तुरटीतील ॲल्युमिनियम किंवा गंजातील लोह रंगाच्या रेणूला धरून ठेवी. धातूचा अणू मध्ये आणि त्याला धरणारे रेणू भोवती, अशा रचनेला रसायनशास्त्रात 'संकुल' म्हणतात. भोवतालच्या रेणूंना 'लिगंड' हे नाव आहे. लिगंडाने धातूला एकाहून अधिक ठिकाणी पकडले, तर त्या संकुलाला 'चिलेट' म्हणतात. १९२० साली मॉर्गन आणि ड्रू यांनी खेकड्याच्या नांगीवरून हा शब्द घडविला.

ही पकड किती घट्ट आहे, हे रंगरेजाला धुण्यावरून आणि उन्हावरून कळत होते. आकड्यात मात्र कळत नव्हते. त्याचे ज्ञान हातात होते, मुलाच्या हातात उतरत होते, पण कागदावर उतरत नव्हते. १८६९ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मॅडर या मुळीतील अलिझरीन हे रंगद्रव्य रेणूची घडण ओळखून कारखान्यात करता येईल असे सिद्ध केले. मॅडर ही आलच्याच कुळातील. पुढे स्वस्त कृत्रिम रंग बाजारात आले आणि आलची लागवड व तो हुन्नर दोन्ही ओसरत गेले. रंगरेजाचा हात कमी पडला नव्हता. त्या हाताला लेखणीची आणि मोजमापाची साथ नव्हती, ही खरी उणीव.

वास्तविक मोजमाप आपल्या परंपरेला परके नाही. जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावर असलेल्या ग्रंथांत 'मीजान' म्हणजे तराजू ही कल्पना मध्यवर्ती आहे. अल्-बिरूनी यांनी अकराव्या शतकात धातू व रत्ने यांची विशिष्ट गुरुत्वे मोजली. अल्-खाजिनी यांनी ११२१ च्या सुमारास तराजूवर 'मीजान अल्-हिकमा' हा ग्रंथच लिहिला. खंड पडला तो नंतर.

आता आधुनिक मीजानकडे वळू. संकुलांची रचना १८९३ साली आल्फ्रेड वेर्नर यांनी स्पष्ट केली. १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. पण पाण्यात विरघळलेल्या संकुलाची पकड मोजण्याची पक्की रीत कोपनहेगनच्या यानिक ब्येरूम यांनी १९४१ च्या आपल्या प्रबंधात दिली. ही रीत साधी आहे. लिगंडाची जागा धातूप्रमाणे हायड्रोजनलाही हवी असते. धातू आला की तो हायड्रोजनला उठवून त्या जागी बसतो. उठविलेला हायड्रोजन द्रावण अधिक आम्लधर्मी करतो, आणि पीएचमीटर ते नेमके दाखवितो. म्हणजे धातूचा जोर थेट दिसत नसला, तरी हुसकावलेल्या हायड्रोजनच्या हिशेबावरून तो काढता येतो.

ऑक्सफर्डचे हॅरी अर्व्हिंग आणि हेझेल रॉसोटी यांनी १९५४ साली हा हिशेब सुटसुटीत केला. तीन अनुमापने करावयाची : पहिले नुसत्या आम्लाचे, दुसरे आम्ल व लिगंड यांचे, तिसरे आम्ल, लिगंड व धातू यांचे. तिन्ही वेळा ब्युरेटमधून अल्कली थेंबाथेंबाने सोडून पीएच टिपावयाचा आणि आलेख काढावयाचे. तापमान व द्रावणातील क्षारांचे प्रमाण कायम ठेवावयाचे. तिन्ही आलेखांतील अंतरावरून एका धातुकणाभोवती सरासरी किती लिगंड जमले ते निघते आणि त्यावरून 'स्थिरता स्थिरांक' मिळतो. हा आकडा फार मोठा असल्याने तो लॉगरिदममध्ये लिहितात. लॉगमध्ये एकाचा फरक म्हणजे प्रत्यक्षात दहापट, दोनाचा म्हणजे शंभरपट.

या रीतीला ब्युरेट, पीएचमीटर आणि चिकाटी एवढेच मुख्य भांडवल लागते. म्हणूनच महाराष्ट्रातील लहान शहरांच्या महाविद्यालयांतूनही या विषयावर संशोधन होऊ शकले. खानदेशातील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाकडे होती. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. आता जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी पुण्याची वाट धरण्याची सक्ती उरलेली नाही.

हे सारे आपल्या घराजवळ कोठे दिसते, असे आपण विचाराल. विहिरीच्या पाण्याचा जडपणा मोजताना दिसते. पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग टाकला की मॅग्नेशियम त्याला धरतो आणि पाणी तांबडे होते. मग ब्युरेटमधून ईडीटीए सोडतात. ईडीटीएचा असा उपयोग स्वित्झर्लंडच्या श्वार्झेनबाख यांनी १९४० च्या दशकात रूढ केला. मॅग्नेशियमची या रंगाशी पकड लॉगमध्ये सुमारे ७, तर ईडीटीएशी ८.७. शेवटी मॅग्नेशियम रंगाला सोडून ईडीटीएकडे जातो आणि पाणी निळे होते. रंगरेजाच्या कढईतील तेच नाते, पण येथे प्रत्येक पकडीला आकडा आहे.

दुसरे उदाहरण शेतातले. ज्या फैजपूरला रंगाचे नाव होते, त्याच्या आसपास यावल-रावेरच्या पट्ट्यात आज केळीच्या बागा आहेत आणि दुकानात 'चिलेटेड' खते मिळतात. ईडीटीएची लोहाशी पकड सुमारे २५ आणि कॅल्शियमशी १०.७. तेव्हा लोह सुटणारच नाही, असे वाटेल. पण चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीत कॅल्शियम अफाट असतो आणि लोहाला तेथील हायड्रॉक्साइडही ओढतो. त्यामुळे ईडीटीएतील लोह फार काळ टिकत नाही. ईडीडीएचए या लिगंडाची पकड सुमारे ३५ आहे. ते तेथेही लोह धरून ठेवते. पिशवीवर 'चिलेटेड' एवढेच वाचून पैसे मोजणारा फसू शकतो. कोणते चिलेट आणि जमिनीचा पीएच किती, हे विचारणारा फसत नाही.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे, रसायनाचा नव्हे. पण इतिहासाने एक गोष्ट शिकविली : हुन्नर असूनही ज्यांनी नोंद ठेवली नाही, त्यांचा हुन्नर दुसऱ्यांच्या वहीत गेला. आपल्या समाजात कारागिरांची घरे पुष्कळ आहेत. रंग, धातू, चामडे, अत्तर यांचे ज्ञान तेथे अजून हातात आहे. दहावीनंतर विज्ञान 'आपल्याला झेपणार नाही' म्हणून सोडणाऱ्या मुलाला आणि विशेषतः मुलीला पालकांनी एवढेच सांगावे, की ज्या रीतीने आज जगभर ही पकड मोजतात, तिच्यावर हेझेल रॉसोटी या एका स्त्रीचेही नाव आहे. शाळांनीही एक करावे. या वर्षी प्रत्येक वर्गाने आपापल्या मोहल्ल्यातील विहिरीचे व बोअरचे पाणी आणून त्याचा जडपणा मोजावा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावा. खर्च थोडा आहे. वही मात्र जपून ठेवावी. पुढचा इतिहास त्या वहीतूनच लिहिला जाईल.