करवतीचे दात



परवा नातीने फोनवर विचारलं, "आजी, करवतकाठी साडीला करवत का म्हणतात गं?" जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे प्रश्न आला की माझा तास सुरू होतो!

करवत म्हणजे सुताराचीच. साडीचं अंग कोशाचं, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांच्या रेशमाचं. काठ रंगीत सुताचा. दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीसारखे दात दिसतात. हे दात छापलेले नसतात. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडचे कोष्टी मागावर तीन धोटे चालवतात: अंगाला एक आणि दोन काठांना एकेक. अंगाचा आडवा धागा काठाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा, फेरीमागून फेरी. त्यामुळे काठाचे उभे-आडवे दोन्ही धागे लालच राहतात आणि लाल निखळ दिसतो. एकाच धोट्याने विणलं तर कोशाचा पिवळट धागा काठात शिरून तो फिका पडेल.

हा लाल रंग पूर्वी आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढत. तुरटीशिवाय तो सुतावर धरत नसे. १८६८ साली जर्मनीत लाल रंग रसायनापासून तयार झाला आणि पुढे आलीची शेती संपली. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या सुतापुढे घरचा चरखा टिकला नाही. रंग गेला, सूत गेलं. राहिला तो फक्त सांधा, कारण त्याला माणसाचा हात लागतो.

आता खरी गोष्ट सांगते. आईचं असं एक लुगडं माझ्याकडे होतं. कोसा जागोजागी विरला होता. एका दुपारी रामटेकच्या आमच्या दारात भांडेवाली आली आणि मी ते देऊन स्टीलचं एक गंज घेतलं. स्वस्तात मिळालं म्हणून खूषही झाले! विणणाऱ्याने प्रत्येक दातापाशी हात थांबवला असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही. मुलांना इतिहास शिकवत होते, आणि घरातला इतिहास दारातून घालवला.

आता या साडीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण नातीला दाखवायला माझ्याकडे ते गंजच आहे.

असो. तुमच्या पेटीत आजीचं असं लुगडं असेल, तर ते उन्हात धरून काठाचा सांधा एकदा नीट बघा. आणि मला जरूर कळवा.