महेश्वर ते काशी : एका अंतराची कथा

इंदूरच्या विमानतळाला देवी अहिल्याबाई होळकर यांचे नाव आहे. आणि वाराणसीस दशाश्वमेधाच्या दक्षिणेला, गंगेच्या काठी, त्यांच्याच नावाचा घाट आहे. इंदूर व वाराणसी या दोन विमानतळांमधील अंतर सरळ रेषेने सुमारे 780 किलोमीटर भरते. विमान ते दीड तासाच्या आसपास तोडते. एखाद्या रंगलेल्या कीर्तनालाही याहून अधिक वेळ लागतो!

अहिल्याबाईंच्या काळी हे अंतर कसे होते? त्यांची राजधानी नर्मदाकाठी महेश्वरास. तेथून काशीचा रस्ता हजार किलोमीटरच्या घरात धरला आणि रोजची मजल वीस किलोमीटरांची मानली, तर पन्नास दिवस केवळ चालण्याचे होतात. त्यांत नद्यांचे उतार, पावसाळ्याचा मुक्काम, आजारपण आणि चोरांचे भय यांचा हिशेब धरलेलाच नाही.

शिवाय काशी होळकरांच्या मुलखात नव्हती. पेशव्यांनी काशी-प्रयाग मिळविण्याची खटपट पुष्कळ केली, पण ती साधली नाही. 1775 साली तर अयोध्येच्या नवाबाकडून काशीचा प्रदेश इंग्रज कंपनीच्या वर्चस्वाखाली गेला. अशा परक्या अंमलात या बाईंनी 1780 च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, आणि पूर्वी केवलगिरी या नावाने ओळखला जाणारा घाट पक्का बांधून काढला. फौजेला जे साधले नाही ते खासगीच्या पैशाने साधले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र पायऱ्यांच्या दगडाविषयी काही विचारावयाचे झाले, तर पत्राचे उत्तर येईपर्यंत ऋतू पालटावयाचा. इतक्या दुरून काम करवून घ्यावयाचे म्हणजे माणसे पारखून नेमावी लागत, आणि एकदा नेमल्यावर त्यांच्यावर विश्वास टाकावा लागे. अहिल्याबाईंचा हा गुण त्यांच्या दानधर्माच्या वर्णनात बहुधा झाकून जातो.

सामान्य यात्रेकरूचे काय? तो निघताना घरचे लोक त्याचा जवळजवळ अखेरचा निरोप घेत. सोडमुंजीत काशीला निघालेल्या बटूला मामा अडवतो, त्या थट्टेच्या तळाशी ही खरी धास्ती आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले, ते बंडाच्या धामधुमीत सापडले. दोन वर्षांहून अधिक काळाने ते गंगाजल घेऊन घरी परतले, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केला. मार्गातल्या हालांचे इतके रोकडे वर्णन मराठीत क्वचितच आढळेल.

पुढे 1870 मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि महिन्यांचे दिवस झाले. आज मुंबईहून सुमारे पंधराशे किलोमीटरांचा हा रेल्वेप्रवास एका दिवसाहून थोडा अधिक वेळ घेतो. विमानाने हवेतले अंतर सुमारे साडेबाराशे, वेळ दोन तासांच्या आगेमागे. काशीयात्रा आता सुट्टीत बसते. म्हातारी माणसेही निर्धास्तपणे जाऊन येतात, आणि हे थोडे सुख नव्हे.

विमान बाबतपूरला उतरते. तेथून शहर वीस-पंचवीस किलोमीटर. गर्दीच्या दिवशी मात्र मोटार गोदौलियाच्या अलीकडेच थांबते, आणि तेथून घाटापर्यंत यात्रेकरू पायीच जातो.