मुंबई मॅरेथॉनला बेळगावहून जाताना : थंड हवेतला सराव, दमट हवेतली शर्यत

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांतीच्या पाठोपाठ असते. २००४ साली पहिली शर्यत फेब्रुवारीत झाली, पुढच्या वर्षापासून ती जानेवारीत आली. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, अर्ध मॅरेथॉन २१ किलोमीटरच्या थोडी वर, त्याखाली १० किलोमीटर आणि हौसेने येणाऱ्यांसाठी साधारण ६ किलोमीटरची ड्रीम रन. ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांगांच्या धावा वेगळ्या. ही सगळी माहिती अर्ज भरतानाच मिळते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडून जाणाऱ्याला तिथे एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. आपल्या भागातल्या थंडीत जमलेला वेग मुंबईत जसाच्या तसा टिकत नाही. तो टिकवायच्या हट्टापायी चांगला सराव केलेली माणसंही ३० किलोमीटरनंतर रस्त्याच्या कडेला बसतात.

कारण साधं आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची हवा थंड आणि कोरडी. घाम येतो तसा उडून जातो आणि अंग थंड राहतं. मुंबईत त्याच वेळी तापमान फार नसलं तरी हवेत दमटपणा भरपूर असतो. घाम उडत नाही, नुसता ओघळतो. अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, हृदयाचे ठोके वाढतात आणि नेहमीचाच वेग जड वाटायला लागतो. हौशी धावपटूंची पूर्ण मॅरेथॉन पहाटे ५ च्या सुमारास सुटते. साडेचार-पाच तास घेणाऱ्याचा शेवटचा तास-दीड तास उन्हात जातो, आणि नेमकी तेव्हाच अंगातली ताकद संपत आलेली असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे वेग आधीच कमी धरणं. वेंगुर्ला रोडवर जो माणूस किलोमीटरला ६ मिनिटांनी आरामात धावतो, त्याने मुंबईत पहिले २० किलोमीटर सव्वासहाच्या वर ठेवलेले बरे. दुसरा उपाय उन्हाची सवय करणं. शरीराला ती व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत काही धावा पहाटेऐवजी सकाळी १० च्या पुढे काढाव्यात, हळू आणि ४०-५० मिनिटांच्याच. लांब पल्ल्याची धाव मात्र उन्हात काढू नये.

सराव कधी, कुठे

पूर्ण मॅरेथॉनला १६ आठवडे तरी हवेत. म्हणजे नवरात्राच्या आसपास सुरुवात झाली पाहिजे, तीही आधीपासून आठवड्याला २०-२५ किलोमीटर धावणाऱ्याने. दिवाळीनंतर जागा होणाऱ्याने अर्ध मॅरेथॉनवर समाधान मानावं, त्यात कमीपणा काही नाही. आठवड्यात चार दिवस धाव पुरते आणि त्यातली रविवारची लांब. ही लांब धाव हळूहळू वाढवत नाताळपर्यंत ३० ते ३२ किलोमीटरवर न्यायची आणि मग उतरवत आणायची. शेवटच्या तीन आठवड्यांत जास्तीचा सराव करून काही कमावता येत नाही, दुखापत मात्र होऊ शकते.

व्हॅक्सिन डेपोचं मैदान हलक्या धावेला उत्तम, पण सगळाच सराव मातीवर झाला तर मुंबईचं डांबर आणि सी लिंकचं काँक्रीट गुडघ्याला सोसत नाही. लांब धावेला हिंडलगा, सुळगा, उचगावकडचा चढ-उताराचा रस्ता चांगला. चढासाठी येळ्ळूरचा राजहंसगड आहेच. मात्र ऊस गाळपाचा हंगाम नेमका याच दिवसांत असतो. पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोरून आला की रस्त्यावर माणसाला जागा उरत नाही, मागच्या ट्रॉलीला दिवाही असेलच असं नाही. चमकणारं जॅकेट, कपाळाला बॅटरी, समोरून येणारी वाहनं दिसतील अशी उजवी बाजू आणि कानात गाणी नाहीत, एवढं तरी पाळलंच पाहिजे.

बेळगावला हे अंतर तसं नवीन नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा पहिला संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि १९ वे आले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. तो संघ पाठवायला पुढाकार सर दोराबजी टाटांचा होता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती. आज मुंबई मॅरेथॉनच्या नावाआधी टाटा लागतं, चौगुल्यांचं नाव मात्र बेळगावातही थोड्यांनाच आठवतं.

पेडर रोडचा चढ

मार्गात दरवर्षी थोडेफार बदल होतात, त्यामुळे त्या वर्षीचा नकाशा बघायलाच हवा. ढोबळमानाने सीएसएमटीहून निघून मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, सी लिंकवरून वांद्रे आणि माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी करत परत दक्षिणेला, असा तो असतो. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, साधारण ३५ किलोमीटरच्या आसपास. राजहंसगड चढणाऱ्याला तो एरवी चढही वाटणार नाही. पण अंगात साठवलेली साखर ३० किलोमीटरच्या आगेमागे संपते आणि त्यानंतर उड्डाणपूलसुद्धा डोंगर वाटतो. म्हणून सरावात चढ दमल्यावर घ्यावा, धाव सुरू करताना नव्हे. २० किलोमीटर सपाटीवर धावून मग गडाची वाट धरली की पेडर रोड म्हणजे काय ते कळतं. शर्यतीत तो चालत चढला तरी फार वेळ जात नाही.

पोटाचंही तसंच. धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर किंवा पिष्ट पोटात जायला हवं, तेही भूक लागायच्या आधीपासून. जेल, केळी, खजूर, ग्लुकोज, जे सरावात पचलं तेच घ्यावं. संक्रांतीच्या गुळपोळ्या आणि तिळगूळ आदल्या आठवड्यात खायला हरकत नाही, पण शनिवारी रात्री नको. तीळ आणि तूप पचायला जड. कुंदा शर्यत संपल्यावर.

पाणी कमी नको, जास्तही नको

दमट हवेत पाणी जास्त प्यावं हे अर्धंच खरं. घामाबरोबर मीठही जातं. पाच तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं जड होतं, मळमळतं, बोलणं असंबद्ध होतं आणि क्वचित जिवावर बेततं. हळू धावणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण त्यांना प्यायला वेळ भरपूर मिळतो. आपला हिशोब घरीच काढता येतो. लांब धावेच्या आधी आणि नंतर वजन करावं. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त होतंय. तहानेप्रमाणे घोटघोट पाणी आणि अधूनमधून ओआरएस, एवढं बहुतेकांना पुरतं.

धावण्याआधी ‘दुखू नये म्हणून’ वेदनाशामक गोळी घ्यायची सवय अनेकांना आहे. ती वाईट आहे. अंगात पाणी कमी असताना अशा गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर येतो. आणि मुंबईच्या शर्यतीत हृदयविकाराने मृत्यू झालेले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या आणि घरात हृदयविकार असलेल्या माणसाने अर्ज भरायच्या आधी डॉक्टरकडे जावं. छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, यांतलं काही झालं की थांबायचं. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

प्रवास आणि बिब

इथे अनेकांची गफलत होते. शनिवारी रात्री निघून रविवारी पहाटे उतरू, हे जमत नाही. छातीवर लावायचा नंबर, म्हणजे बिब, शर्यतीच्या आधीच्या दिवसांत एक्स्पोला जाऊन ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो, रविवारी मिळत नाही. अलीकडच्या वर्षांत एक्स्पो बीकेसीत असतो. त्यामुळे गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी बिब घ्यावा आणि शनिवारी पाय वर करून पडावं. बेळगावहून दादरच्या गाड्या आहेत, कोल्हापूरहून महालक्ष्मी आणि गोव्याहून कोकणकन्या थेट सीएसएमटीला जातात. खासगी स्लीपर बसने सुमारे ५०० किलोमीटर जाता येतं, पण रात्रभर आखडलेली पाठ घेऊन उतरावं लागतं. लालबाग-परळकडे पाहुणे किंवा गावाची खोली असेल तर सोन्याहून पिवळं. ठाणे, डोंबिवलीत उतरणाऱ्यांसाठी त्या पहाटे रेल्वे खास लोकल सोडते, वेळापत्रक आदल्या दोन-तीन दिवसांत जाहीर होतं. परतीला खालचा बर्थ मागावा.

बघायला जाणाऱ्यांसाठी

रस्ते पहाटेपासून बंद असतात, टॅक्सीच्या भरवशावर राहू नये, लोकलने जावं. सी लिंकवर प्रेक्षकांना सोडत नाहीत. सुरुवातीला गर्दीत आपला माणूस दिसत नाही आणि त्याला तेव्हा आपली गरजही नसते. उभं राहायचं तर शिवाजी पार्क किंवा पेडर रोडला. साडेचार तासांचं लक्ष्य असलेला माणूस किलोमीटरला साधारण ६ मिनिटं २४ सेकंद घेतो, म्हणजे ५ वाजता सुटला तर ३५ व्या किलोमीटरला पावणेनऊच्या सुमारास येतो. मागच्या गटात असेल तर सुरुवातीची रेषा ओलांडायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात, ती धरावीत. संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेली काकडी, थंड पाण्यात भिजवलेला रुमाल जवळ ठेवावा. ‘आता थोडंच राहिलंय’ असं ३० किलोमीटरला सांगू नये, नुसती नावाने हाक मारावी.

शेवटी आझाद मैदानाजवळ गर्दीत फोन लागेलच असं नाही, भेटायची जागा आदल्या दिवशी ठरवून ठेवावी. आलेल्या माणसाला लगेच खाली बसू देऊ नये, दहा मिनिटं चालवावं. तो भलतंच बोलत असेल, झोकांड्या देत असेल किंवा अंग भाजत असेल तर फोटो राहू द्यावा, सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओतावं आणि लगेच वैद्यकीय तंबू गाठावा.