लंडनच्या भिंतींवरचें लठ्ठ अक्षर

तासलेल्या बोरूनें लिहिणाऱ्यास जाड रेघ आणि बारीक रेघ यांचें नातें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. हात वळला कीं रेघ आपोआप बदलते. युरोपांतील रोमन अक्षरही मूळचें असेंच लेखणींतून उतरलेलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे दिदो आणि पार्माचा बोदोनी यांनीं मात्र तें लेखणीपासून जवळजवळ तोडलें. उभा दांडा भरदार, आडवी रेघ आणि टोंकांवरच्या पट्ट्या केसासारख्या बारीक. असें पान गुळगुळीत कागदावर शिलालेखासारखें दिसे, आणि तें बहुधा धनिकांच्या ग्रंथसंग्रहांत जाऊन पडे.

या अक्षराला रस्त्यावर आणण्याचें श्रेय, किंवा अपश्रेय, लंडनच्या रॉबर्ट थॉर्नकडे जातें. थॉमस कॉटरेलच्या हाताखालीं तो खिळे ओतावयास शिकला आणि १७९४ सालीं त्यानें गुरूचाच कारखाना विकत घेतला. पुढील शतकाच्या आरंभीं त्यानें अक्षर फुगवीत नेलें. गंमत अशी कीं, फुगली ती जाड रेघ; बारीक रेघ होती तेवढीच राहिली. दांड्याची रुंदी अक्षराच्या उंचीच्या निम्म्याजवळ पोंचली, रोमन ओच्या पोटांत एक पांढरी फट तेवढी उरली. इंग्रज मुद्रक त्यास ‘फॅट फेस’, म्हणजे लठ्ठ चेहऱ्याचें अक्षर, म्हणूं लागले.

एवढें लठ्ठ अक्षर हवें होतें कोणाला? सर्वांत आधीं लॉटरीवाल्यांना. इंग्लंडांत तेव्हां लॉटरी खुद्द सरकारची असे. टॉमस बिशसारखे मक्तेदार तिचीं तिकिटें खपवीत. अख्खें तिकीट सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरचें, म्हणून त्याचे सोळावे हिस्से विकले जात. मोलकरीण किंवा कारकून पुस्तक उघडून बसणार नव्हता. पण २०,००० पौंडांचा आंकडा भिंतीवर बोटभर जाड शाईंत दिसला, तर चालतां चालतां त्याची नजर अडे. या मोहानें गरिबांच्या संसाराची काय दशा होते, तें पार्लमेंटच्या समितीनें १८०८ सालींच नमूद केलें होतें. तरीही महसुलाचा लोभ सरकारला आणखी अठरा वर्षें सुटला नाहीं.

जुन्या वळणाच्या मुद्रकांना हें अक्षर रुचलें नाहीं. हॅन्सार्डनें १८२५ सालच्या आपल्या मुद्रणविषयक ग्रंथांत त्याचा दोष स्पष्टपणें थॉर्नच्या माथीं मारला. थॉर्न तोंवर हयात नव्हता. १८२० सालीं तो वारला, आणि त्याचा कारखाना विल्यम थॉरोगुड नांवाच्या, या धंद्याचें शिक्षण नसलेल्या गृहस्थानें घेतला. त्यासाठीं लागलेला पैसा त्याला लॉटरीच्या बक्षिसांतूनच मिळाला होता, असें सांगतात!

शेवटची सरकारी सोडत १८ ऑक्टोबर १८२६ रोजीं झाली. लॉटरी गेली, तरी नाटकगृहें आणि लिलाववाले यांनीं त्या अक्षराला काम पुरविलें. शंभर वर्षांनीं, १९२८ च्या सुमारास, अमेरिकेंत मॉरिस बेन्टननें त्याच घाटाचें नवें अक्षर काढलें. त्याला नांव मिळालें तें थॉर्नचें नव्हे, बोदोनीचें.