छोट्या मोटारीचे सुकाणू

दसरा आला की आपल्या दारातल्या वाहनाला स्नान घडते, त्याच्या कपाळावर स्वस्तिक उमटते, झेंडूची माळ चढते आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी हळूच पुढे घेतली जाते. बैलगाडी असो, सायकल असो वा चारचाकी मोटार, या सोहळ्यात भेदभाव नाही. मात्र हळदकुंकू लागते ते डोळ्यांना दिसणाऱ्या भागांना. मोटारीच्या पोटाखाली, चिखलामातीने माखलेला, हातभर लांबीचा एक लोखंडी दांडा असतो. चालकाच्या मनातले वळण चाकांपर्यंत पोहोचविणारा तो दूत. त्याच्या वाट्याला हळदकुंकू येत नाही, आणि बिघाड होईपर्यंत त्याची कुणी विचारपूसही करीत नाही. या उपेक्षित दूताची, आणि त्याच्यापायी गाऱ्हाणे घेऊन दारोदार हिंडलेल्या मोटारमालकांची हकिकत मोठी बोधप्रद आहे. ती वरवर लोखंडाची असली, तरी आतून माणसांची आहे.

वाशीमकडच्या माणसाला सुकाणू म्हणजे काय हे मोटारीने शिकविले नाही. ते त्याला बैलाच्या कासऱ्याने शिकविले. हे गाव एकेकाळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत बाशीम नावाच्या जिल्ह्याचे ठाणे होते, पुढे अकोला जिल्ह्यात गेले आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण झाले. या साऱ्या काळात राज्ये बदलली, पण जमीन तीच राहिली. ती काळी कसदार जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कापसाला ही जमीन माउली, पण रस्त्याला मात्र सावत्र आई. तिच्यावर केलेला रस्ता वर्षा-दोन वर्षांत लाटांसारखा वरखाली होतो. बैलगाडीचे तिथे फारसे बिघडत नसे. कासरा सैल सुटला तरी बैल आपल्या अकलेने घरची वाट धरी. गाडीवान झोपी गेला तरी गाडी दारात येऊन उभी राही. मोटारीला ही अक्कल नाही. तिचा कासरा सैल झाला की ती वाट धरीत नाही, खड्डा धरते.

हा यांत्रिक कासरा चालतो कसा, हे थोडक्यात पाहू. जुन्या मोटारींतून हातातल्या चक्राचा दांडा खाली एका लोखंडी पेटीत उतरे. तिथे मळसूत्रासारख्या आट्यांमुळे चक्राचे गोल फिरणे एका भुजेच्या आडव्या हालचालीत बदले. ती भुजा आडवे दांडे ढकली वा ओढी, आणि पुढची दोन्ही चाके वळत. प्रत्येक सांध्यात वाटीत बसविलेला एक गोळा असतो, जसा आपल्या खांद्याचा सांधा. वाटी झिजली, वंगण आटले, धूळ शिरली की गोळा खुळखुळू लागतो. एका सांध्यातली ढिलाई केसाएवढी असते. पण पाच-सहा सांध्यांची मिळून चक्रावर ती दोन-तीन बोटे भरते. मिस्त्री मग म्हणतो, "स्टिअरिंगला प्ले आलाय." मालकाला एवढेच कळते, की आपण चक्र फिरवतो आणि गाडी क्षणभर विचार करून मग वळते. त्या क्षणात काय काय घडू शकते, याची कल्पना मागच्या बाकावर फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या माउलीला नसते.

छोटी मोटार महाराष्ट्राला मिळाली ती कुर्ल्याच्या कारखान्यातून. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी आगबोटी आणि विमाने यांच्याबरोबरच मोटारीचेही स्वप्न पाहिले होते. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या मोठ्या गाड्या इथे जुळविल्या जात; पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० ही आटोपशीर चारदारी मोटार कुर्ल्याहून बाहेर पडू लागली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअरचा दांडा चक्राखालीच, आणि अंगकाठी अशी की शहरातल्या गल्लीबोळांतून सहज निघावी. वालचंदशेठ १९५३ साली वारले. आपल्या कारखान्यातल्या या लेकराचे कौतुक पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९७२ नंतर फियाटचे नाव गेले, 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' ही नावे आली. पण लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत संसार केला.

या गाडीवर लोकांचे प्रेम होते, हे खरेच. पण त्या प्रेमात लाचारीचाही अंश होता. परदेशी कंपन्यांनी इथे नुसत्या गाड्या जुळवू नयेत, असे धोरण ठरल्यावर शिवडीला १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला. मग उरल्या मुख्यतः तीन घरच्या गाड्या : कुर्ल्याची फियाट, बंगालमध्ये उत्तरपाऱ्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या काढायच्या, ते सरकारी परवाना ठरवी; कुणाला केव्हा मिळायची, ते १९५९ च्या वाटप-नियंत्रण हुकुमाप्रमाणे ठरे. फियाटसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. लेकीच्या जन्माला नाव नोंदवावे आणि ती शाळेत जाऊ लागल्यावर गाडी यावी, असा तो काळ. अशा उपासानंतर मिळालेल्या गाडीचे चक्र जड लागले, गाडी डावीकडे ओढू लागली वा पुढची चाके थरथरू लागली, तर तक्रार कोणाकडे करणार? विक्रेत्याच्या पेढीत पुढचे गिऱ्हाईक पैसे घेऊन उभेच असे. जिथे गिऱ्हाइकाला गरज आणि विकणाऱ्याला बेफिकिरी, तिथे गाऱ्हाण्याला वजन येत नाही.

तरीही गाऱ्हाणी थांबली नाहीत. ती इतकी वाढली, की १९६७ साली केंद्र सरकारला देशी मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. दोन वर्षांनी सरकारने मोटारींच्या किमती ठरवून दिल्या, तेव्हा कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ च्या नोव्हेंबरात तिथे किमतीच्या वादाचा निकाल लागला. पैशाचा प्रश्न असा देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे पोहोचला. सैल चक्राचा प्रश्न मात्र पोहोचला तो रस्त्याकडेच्या मिस्त्रीपुढे.

या मिस्त्रीचे उपकार विसरता येणार नाहीत. आंब्याच्या वा लिंबाच्या झाडाखाली, एक जॅक, चार पाने आणि ग्रीसचा डबा एवढ्या भांडवलावर त्याने आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाड्या रुळावर ठेवल्या. नवा सुटा भाग मुंबईहून यायला आठवडे लागत, तेव्हा जुन्या वाटीत पत्र्याची चकती घालून तो गोळा घट्ट करी आणि मालकाला सांगे, "आता दिवाळीपर्यंत काळजी नाही." त्याची विद्या ऐकीव आणि हाताची होती, पण तिने कितीक संसार वाचविले असतील. तिची एक उणीव होती आणि ती त्याच्या पदरी घालता येत नाही. मिस्त्रीच्या दारात प्रत्येक तक्रार मिटत असे, पण नोंदली जात नसे. अकोल्याला, वाशीमला, कारंज्याला एकाच भागाची एकच खोड शंभर गाड्यांत असली, तरी ती शंभर मालकांची शंभर वेगळी दुर्दैवे ठरत. कारखान्याला त्याचा पत्ता नसे, आणि असला तरी तो दाखविण्याचे कारण नसे.

नेमक्या याच काळात सातासमुद्रापलीकडे एका छोट्या मोटारीने मोठा इतिहास घडविला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६० च्या हंगामासाठी 'कॉर्व्हेर' नावाची आटोपशीर गाडी काढली होती. तिचे इंजिन मागे होते. पुढच्या चाकांत १५ पौंड आणि मागच्यांत २६ पौंड हवा भरावी, असे कंपनीचे सांगणे. पण सामान्य माणूस चारी चाकांत सारखीच हवा भरणार! वेगात वळताना गाडीचा मागचा भाग फेकला जातो आणि चक्र हातात असूनही गाडी हाताबाहेर जाते, अशा तक्रारी मालकांनी केल्या, शंभरावर दावे लावले. राल्फ नेडर या तरुण वकिलाने ही प्रकरणे अभ्यासून १९६५ साली 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक लिहिले. कंपनीने त्याच्या पाळतीवर गुप्तहेर लावले, ते उघडकीस आले आणि १९६६ च्या मार्चमध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे क्षमा मागावी लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेत मोटार-सुरक्षेचा कायदा झाला. गंमत अशी, की १९७२ साली सरकारी तपासणीत ती गाडी तिच्या काळच्या इतर छोट्या गाड्यांहून विशेष वाईट नाही, असे निघाले. म्हणजे तक्रार पुरतेपणी सिद्ध झाली नाही. पण तक्रार तपासलीच पाहिजे, हे तत्त्व मात्र कायमचे सिद्ध झाले.

योगायोग पाहा, १९६६ सालीच मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था काढली. घरात येणारे धान्य, तेल, औषध पारखून घेण्याची गृहिणीची सवयच त्यांनी चळवळीच्या पातळीवर नेली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. 'गिऱ्हाईक' हा काहीसा हिणविणारा शब्द मागे पडून 'ग्राहक' हा ताठ मानेचा शब्द मराठीत रुजला, तो या कार्यकर्त्यांमुळे. या प्रयत्नांची परिणती २४ डिसेंबर १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात झाली. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहकाचे न्यायासन आले. तोवर मारुतीची छोटी मोटारही आली होती. १९८३ च्या डिसेंबरात तिची पहिली गाडी रस्त्यावर उतरली. तिच्यात मळसूत्री पेटीऐवजी दातेरी पट्टी आणि तीवर फिरणारे छोटे दातेरी चाक अशी सुटसुटीत रचना होती. सांधे कमी, म्हणून खुळखुळही कमी.

कायदा आला म्हणून सारे सुरळीत झाले, असे कुणी समजू नये. गाडीत एक दोष निघाला की नवीच गाडी मिळावी, असे ग्राहकाला वाटते. २००६ साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हमीप्रमाणे कारखानदाराने सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून द्यावा. त्यासाठी सबंध गाडी बदलून देण्याचे बंधन नाही. शिवाय दोष मुळातला की वापरातला, याचा निवाडा तज्ज्ञाच्या अहवालावाचून होणे कठीण. काळ्या मातीच्या रस्त्यावर हा वाद हमखास उठतो. मालक म्हणतो, भागच कच्चा. विक्रेता म्हणतो, रस्ताच खराब. दोघांचेही थोडे थोडे खरे असते.

या वादातून वाट काढली ती 'परत बोलावण्या'च्या प्रथेने. २०१२ साली मोटार उत्पादकांच्या संघटनेने सदोष गाड्या आपणहून परत बोलावण्याचे नियम स्वीकारले. १ एप्रिल २०२१ पासून त्याला कायद्याचे बळ आले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबाबत ठरावीक मर्यादेपलीकडे तक्रारी नोंदल्या गेल्या, तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते आणि कारखानदाराला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि इको या जातीच्या ८७,५९९ गाड्या परत बोलाविल्या. कारण होते आपल्या कथेचा नायक, तोच पोटाखालचा आडवा दांडा; क्वचित प्रसंगी तो तुटण्याचा संभव होता. ऑगस्ट २०२४ मध्ये आल्टो के-१० च्या २,५५५ गाड्यांच्या स्टिअरिंगच्या पेटीत दोष असण्याची शंका आली, तेव्हा भाग बदलून मिळेपर्यंत गाडी चालवूच नका, असे कंपनीने मालकांना कळविले. फियाटच्या मालकाला हे सांगितले असते, तर त्याला ती थट्टाच वाटली असती. त्याच्या काळी मालक कारखान्याला पत्रे लिही. आता कारखाना मालकाला पत्र लिहितो.

आणि हे पत्र आज पूर्वीपेक्षा अधिक मोलाचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या आपल्या परिचयाच्या गावांजवळून तो जातो. तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे एका सेकंदात ३३ मीटर. बैलगाडी त्याच सेकंदात जेमतेम एक पाऊल टाकी. जी ढिलाई गावरस्त्यावर नुसता त्रास देत होती, ती या वेगात घरातली माणसे हिरावून घेऊ शकते.

म्हणून एमएच-३७ ची पाटी मिरविणाऱ्या प्रत्येक गाडीच्या धन्याने दोन गोष्टी कराव्यात. चक्र हाताला वेगळे लागले, की मिस्त्रीकडे तर जावेच. पण विक्रेत्याकडे तारीख घालून लेखी तक्रारही द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याने, जो जुलै २०२० पासून अमलात आला, ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात दाद मागण्याची सोय केली आहे. कारखाना हरियाणात असो वा गुजरातेत, वाशीमच्या माणसाने वाशीमलाच न्याय मागावा. तक्रार करणे म्हणजे भांडखोरपणा, असा एक समज आपल्या भिडस्त मध्यमवर्गात खोलवर रुजलेला आहे. तो आता सोडला पाहिजे. आपण लिहिलेला एक कागद इतर शेकडो कागदांच्या जोडीला जातो, मर्यादा ओलांडली जाते, आणि कुठल्या तरी अनोळखी कुटुंबाच्या गाडीचा दांडा तुटण्याआधी बदलला जातो. त्या कुटुंबाला आपले नाव कधी कळणार नाही. त्यांची दिवाळी मात्र सुखाची जाईल.