मिरगाच्या आधी किनाऱ्याला

शाळांच्या सुट्ट्या संपत आल्या की नांदेड-लातूरकडून गाड्या भरून लोक कोकणात निघतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला पोचल्यावर कळतं, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, ती आता ऑगस्ट संपेपर्यंत. मग तक्रारी सुरू. एवढ्या लांबून आलो, समुद्र तर शांत होता, मुद्दाम अडवणूक करतात!

हा बंद सरकारी फाईलीपेक्षा फार जुना आहे.

शिडाच्या जहाजांचा काळ आठवा. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटला की त्यावर खाडीबाहेर पडायचं. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू झाला की त्याच्या जोरावर वळायचं आणि दिवस मावळायच्या आत पुढच्या खाडीत नांगर टाकायचा. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण असे हे मुक्काम. मे संपता संपता हे गणित मोडतं. दूरवरच्या वाऱ्यानं उठलेल्या लांब लाटा आधी येतात, वर आभाळ निरभ्र असलं तरी. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, त्यांवर या लाटा फुटायला लागतात, म्हणजे आसऱ्याची दारंच बंद. त्यात नैऋत्येचा वारा बिनइंजिनाच्या जहाजाला किनाऱ्याकडंच ढकलत राहतो. म्हणून मिरगाला आपल्याकडं तिफण बाहेर निघते, तेव्हा तिकडं होड्या वर ओढून, शाकारून ठेवलेल्या असतात. त्या पुन्हा पाण्यात जायच्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराला.

मराठ्यांच्या आरमारालाही यातून सूट नव्हती. शिवाजी महाराज मालवणहून बसरूरला समुद्रमार्गे गेले ते फेब्रुवारी १६६५ मध्ये, ऐन हंगामात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीचा विचार आहे. दर्या खवळायच्या आधीच जहाजं सुरक्षित जागी न्यावीत, असं त्यांचं सांगणं.

हंगाम संपल्यामुळं एकदा इतिहासही थांबला. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. सोबतीला नानासाहेब पेशव्यांची फौज होती (हे दुखणं वेगळं, त्यावर पुन्हा कधीतरी). पुढं विजयदुर्ग होताच, पण पावसाळा तोंडावर आलेला, म्हणून मोहीम पुढच्या हंगामावर गेली. आंग्र्यांना जवळपास दहा महिने मिळाले ते या पावसामुळं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आले. ज्या खाडीच्या भरवशावर आंग्र्यांचं आरमार उभं होतं, त्याच खाडीत नांगरलेलं ते जळून गेलं.

पुढं आगबोटी आल्या. वाफेला वाऱ्याची गरज नाही, तरी कोकणची बोट पावसाळ्यात बंदच असायची. मुंबई बंदराच्या आतल्या-आतल्या फेऱ्या मात्र चालत. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ उलटली. गटारीला घरी निघालेल्यांपैकी सहाशेहून जास्त माणसं गेली. जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या गदारोळात आपल्या भागात ही बातमी किती पोचली असेल, कोण जाणे. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्याला समुद्रच नव्हता.

आज मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. त्यात माशांच्या पैदाशीचा विचार आहे, तसा माणसांच्या जिवाचाही. दांडीच्या किनाऱ्यावरचा होडीवाला ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्याचाही हंगामाचा धंदा बुडालेला असतो, हे आपण विसरतो. दोन हजार रुपये जास्त देतो म्हणून त्याच्या मागं लागू नका. किल्ला बघायचाच असेल तर दिवाळीनंतर जा, आणि सकाळची होडी धरा.